११ केव्ही लाइनवरून केबल उतरवून रोहित्राला नेली, तर एलए (विजेची लाट जमिनीत उतरवणारे लाइटनिंग अरेस्टर) किती आणि नेमके कुठे?

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. एका सहकारी उपसा सिंचन योजनेच्या ११ केव्ही कामाचा आराखडा तपासायला आला आहे. वळवाआधी काम उरकायचं आहे, म्हणून इथे विचारतो.

मांडणी अशी. टेकडीच्या सोंडेवरून ओव्हरहेड लाइन येते, शेवटी डबल पोल (डीपी). त्यावर एबी स्विच (तिन्ही फेज एकदम तोडणारा), डीओ (प्रत्येक फेजचा वेगळा, उडाला की खाली लोंबणारा फ्यूज) आणि तीन एलए (९ केव्ही, ५ केए म्हणजे किलोअँपिअर, आत हवेची फट नसलेले गॅपलेस). तिथून ३ कोअर, ९५ चौरस मिमी ॲल्युमिनियम एक्सएलपीई (प्लास्टिक इन्सुलेशनची) केबल खाली उतरते आणि १८० मीटर जमिनीखालून जॅकवेलपाशी (नदीकाठच्या पंपाच्या विहिरीपाशी) जाते. तिथे उघड्यावर २०० केव्हीए, ११/०.४३३ केव्ही रोहित्र, पुढे एलटी (कमी दाबाचं) पॅनेल आणि पंप.

प्रश्न दोन. ठेकेदार म्हणतो, डीपीवर एलए आहेत आणि केबल जमिनीखाली आहे, तेव्हा रोहित्राकडे पुन्हा एलए कशाला? मला हे पटत नाही, पण योजनेच्या संचालकांपुढे आकडे मांडावे लागतील. दुसरं म्हणजे अर्थिंग. नकाशात रोहित्रापाशी बॉडीचे दोन आणि न्यूट्रलचे दोन खड्डे आहेत, डीपीपाशी एलएचा एक. कुठलेच एकमेकांना जोडलेले नाहीत. हे बरोबर आहे का?

जंपर
दोन्ही टोकांना एलए लावा. तीन नगांच्या किमतीवरून वाद घालण्याइतकं रोहित्र स्वस्त नाही.

मेगर ५०००
आकडे हवेत तर हे घ्या.

ओव्हरहेड लाइनचा सर्ज इम्पीडन्स (विजेच्या लाटेला जाणवणारा अडथळा) साधारण ४०० ओहम, केबलचा ३० ते ५०. वीज लाइनवर थेट पडली आणि प्रवाह ३० केए धरला, तर तो दोन्ही बाजूंना १५-१५ केए वाटला जातो. १५ केए गुणिले ४०० म्हणजे ६००० केव्ही. ११ केव्हीचं कुठलंही इन्सुलेशन याच्यापुढे टिकत नाही, वाटेतले पिन इन्सुलेटर फ्लॅश होतात (त्यांच्यावरून ठिणगी उडते) आणि उरलेली लाट डीपीपर्यंत येते. वीज लाइनच्या जवळपास पडली तरी तारेत शंभर-दोनशे केव्ही सहज चढतात. ११ केव्हीवरचे बरेचसे फ्लॅशओव्हर या जवळ पडणाऱ्या विजांचेच असतात, थेट पडणाऱ्यांचे नव्हेत.

आता डीपीवरचा एलए. ९ केव्हीच्या गॅपलेस एलएचं रेसिड्युअल व्होल्टेज (लाट जमिनीत उतरवताना त्याच्यावर उरणारं) सुमारे ३० केव्ही. त्याच्या वरच्या-खालच्या तारांमध्ये आणखी ५ केव्ही पडले असं धरू. म्हणजे ३५ केव्हीची लाट केबलमध्ये शिरली. केबलमध्ये तिचा वेग सुमारे १६० मीटर प्रति मायक्रोसेकंद, त्यामुळे १८० मीटर जायला १.१ मायक्रोसेकंद लागतात. दुसऱ्या टोकाला रोहित्र आहे, आणि इतक्या चढत्या लाटेला रोहित्राचं वाइंडिंग जवळजवळ उघडं टोकच वाटतं. तिथे लाट परततेवेळी व्होल्टेज दुप्पट होतं, म्हणजे ७०. रोहित्राचं बीआयएल (विजेच्या लाटेचे किती केव्ही इन्सुलेशन सोसतं तो आकडा) ७५ धरलं तर राखीव उरतं जेमतेम ७ टक्के. २० टक्के राखायचं तर ६२ च्या वर जाता कामा नये. आणि हे सगळं तारा आखूड असल्या तरचं आहे.

ठेकेदाराला एवढंच सांगा की, जमिनीखालच्या केबलवर वीज सहसा पडत नाही हे खरं, पण लाट लाइनवरून आत चालत येते. तिला जमिनीचा अडसर नाही.

झुळूक
माझं या विषयातलं ज्ञान बेताचं आहे. ४०० ओहमवरून ४० ओहमच्या केबलमध्ये शिरताना लाट लहान व्हायला नको का? मग केबल हेच संरक्षण झालं ना?

मेगर ५०००
@झुळूक, प्रश्न रास्त आहे. होते लहान. २ × ४० भागिले ४४० म्हणजे ०.१८, पहिल्या झटक्यात १८ टक्केच आत जातं. पण ती लाट रोहित्रावर दुप्पट होऊन परतते, डीपीपाशी आदळून पुन्हा आत येते. घाटाच्या भिंतीवर आदळून परतणाऱ्या लाटेवर मागून दुसरी चढावी तसं. १८० मीटरला एक फेरा २.२ मायक्रोसेकंदांत होतो आणि विजेच्या लाटेची शेपटी ५० मायक्रोसेकंदांच्या घरात असते. तेवढ्या वेळात वीसेक फेऱ्या होऊन व्होल्टेज पायरी पायरीने चढत जातं. आखूड केबल म्हणून सुरक्षित, हा समज इथेच फसतो. केबल कित्येक किलोमीटर लांब असेल तर लाट वाटेत मरते, तुमच्या योजनेत नाही.

रिले दादा
वरचा ५ केव्हीचा हिशेब आदर्श डीपीचा झाला. प्रत्यक्षात काय असतं ते पाहा.

तारेचं इंडक्टन्स मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री. १० केए प्रति मायक्रोसेकंद या चढणीला दर मीटरला १० केव्ही पडतात. तार कितीही जाड घ्या, फारसा फरक नाही, लांबीच मोजायची. आता नेहमीची डीपी डोळ्यांपुढे आणा. एलए वरच्या क्रॉस आर्मवर. त्याची अर्थिंगची तार खांबावरून ८ मीटर खाली, स्वतःच्या खड्ड्यात. केबलचं टर्मिनेशन (लाइनला जोडायचं तयार केलेलं टोक) खाली ४-५ मीटरवर, आणि स्क्रीन (इन्सुलेशनवरचा धातूचा थर) व आर्मर (बाहेरचं पोलादी कवच) यांची अर्थिंग तिसरीकडेच. अशा वेळी केबलच्या इन्सुलेशनवर काय येतं? एलएचे ३०, अधिक ८ मीटर तारेचे ८०, अधिक खड्ड्याच्या रेझिस्टन्सवर पडणारं व्होल्टेज. एलए उत्तम दर्जाचा असूनही टर्मिनेशन फुटतं ते असं. मग दोष जॉइंटरच्या माथी.

उपाय सोपा आहे. एलए टर्मिनेशनच्या शेजारी, त्याच ब्रॅकेटवर खाली आणा. लाइनचा जंपर आधी एलएच्या टोकाला, तिथून टर्मिनेशनच्या लगला. एलएचं खालचं टोक आणि केबलच्या स्क्रीनची वेणी एकाच बोल्टवर बांधा आणि तिथून पुढे खड्ड्यात न्या. म्हणजे खाली जाणाऱ्या ८ मीटर तारेचं व्होल्टेज केबलच्या इन्सुलेशनवर येत नाही, स्क्रीनही त्याच्याबरोबर वर उचलली जाते. वरची आणि खालची तार मिळून अर्धा मीटर, फार तर पाऊण.

आणि सोंडेवरची लाइन आहे, ५ केए ऐवजी १० केए घ्या.

लाल माती
एक भर. एलएची अर्थिंग तार चोरीला जाऊ नये म्हणून लोक ती जीआय पाइपातून खाली आणतात. हे करू नका. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतल्या ९२ व्या नियमातच लिहिलं होतं की एलएची अर्थ लीड लोखंडी किंवा पोलादी पाइपातून जाता कामा नये, आणि वळणं टाळून शक्य तितकी सरळ न्यावी. लोखंडी पाइप त्या तारेभोवती चोक बनतो, म्हणजे लाटेला अडवतो. पीव्हीसी पाइप वापरा. तांब्याची तार चोरीलाच जाणार असेल तर सरळ २५ × ३ जीआय पट्टी घ्या, तिला कुणी हात लावत नाही.

कपाशीवाला
सगळं मान्य, पण त्याच नियमात एलएसाठी स्वतंत्र उभा इलेक्ट्रोड सांगितला आहे. आमच्याकडे विदर्भात प्रत्येक डीपीवर एलए, न्यूट्रल आणि बॉडी असे तीन वेगळे खड्डे असतात. आता तुम्ही एलएची अर्थ स्क्रीनला जोडा म्हणता. तिकडून रोहित्राच्या टाकीला, टाकीवरून न्यूट्रलला जोडलं की विजेचं व्होल्टेज न्यूट्रलवरून थेट गावातल्या घरांत. हे धोक्याचं नाही का?

लाल माती
नियमाचं वाक्य पुरतं वाचा. स्वतंत्र उभा इलेक्ट्रोड *किंवा* उपकेंद्राच्या अर्थ मॅटचं (जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या जाळीचं) जंक्शन. स्वतःचा इलेक्ट्रोड हवाच, कारण प्रवाह जमिनीत शिरायला जवळची वाट लागते. पण तो इतरांशी जोडायचाच नाही, असं त्यात कुठे म्हटलेलं नाही.

मेगर ५०००
@कपाशीवाला, तुमची काळजी खोटी नाही, पण दोन जोडण्या वेगवेगळ्या धरा.

पहिली, एलएची अर्थ आणि रोहित्राची टाकी. ही जोडायलाच हवी. एलएच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स २० ओहम आणि प्रवाह ५ केए, तर एलएच्या बुडाशी १०० केव्ही उभे राहतात. टाकी दुसऱ्या खड्ड्यावर शून्याजवळ. एचटी (११ केव्हीचं) वाइंडिंग आणि टाकी यांच्यात मग १०० अधिक ३०. बीआयएल ७५. एलए असूनही रोहित्र जळण्याचं हे एक मोठं कारण आहे.

दुसरी जोडणी न्यूट्रलची. इथे रोहित्र कुणाचं आहे ते पाहावं. सार्वजनिक डीपीवरून गावात घरं आणि शेतीपंप पसरलेले असतील आणि एकत्रित रेझिस्टन्स १ ओहमच्या आसपास आणता येत नसेल, तर न्यूट्रलचा इलेक्ट्रोड दूर आणि वेगळाच ठेवा. एचटीचा अर्थ फॉल्ट झाला तरी टाकीचं चढलेलं व्होल्टेज घरांत जायला नको. पंचगंगाकाठ यांच्याकडे रोहित्र, पॅनेल, पंप सगळं एकाच आवारात आहे, बाहेर एकही सर्व्हिस जात नाही. तिथे सगळं एकाच रिंगला (आवाराभोवती पुरलेल्या अर्थिंगच्या वेढ्याला) जोडावं, न्यूट्रलसुद्धा. आवारातली प्रत्येक धातूची वस्तू एकदम वर गेली आणि एकदम खाली आली तर दोन वस्तूंमध्ये फरक पडत नाही. फरकच माणसाला मारतो.

कपाशीवाला
असा भेद असेल तर हरकत नाही. सरसकट 'सगळं जोडा' म्हणून गावच्या डीपीवर कुणी करू नये, एवढंच माझं म्हणणं.

सह्याद्री खडक
रिंग म्हणता, पण सोंडेवर मुरूम आणि खाली काळा पाषाण असेल तर ओहम कुठून आणणार? २.५ मीटर लांब, ४० मिमी व्यासाचा एक पाइप १०० ओहम-मीटर मातीत ३३ ते ३५ ओहम देतो. तीन पाइप त्रिकोणात, एकमेकांपासून ५ मीटरवर, तर १३-१४. तीन भागिले केले तर ११ यायला हवेत, पण ते एकमेकांची जागा खातात म्हणून तेवढे येत नाहीत. ५ मीटरपेक्षा जवळ लावलेत तर खर्च वाया. आणि खडकात हीच माती १००० ओहम-मीटर, म्हणजे आकडे दहापट.

खडकात खोल जाण्याचा हट्ट सोडा. अर्धा मीटर खोल चर खणून ५० × ६ जीआय पट्टी आडवी पसरवा. त्यातही एक गंमत आहे. विजेसाठी एकच ६० मीटर लांब पट्टी घालण्यापेक्षा त्याच लांबीच्या १५-१५ मीटरच्या चार पट्ट्या चार दिशांना काढा. ५० हर्ट्झला दोन्हींत मोठा फरक नाही, पण विजेच्या चढणीला लांब पट्टीचं शेवटचं टोक इंडक्टन्समुळे कामालाच येत नाही. मेगर (अर्थिंगचा रेझिस्टन्स मोजणारं यंत्र) चांगला आकडा दाखवतो आणि वीज तो आकडा मानत नाही.

कपाशीवाला
आणि काळ्या मातीचं उलटं. पावसाळ्यात ५-१० ओहम-मीटर, पण एप्रिल-मे मध्ये जमीन भेगाळते, पाइपापासून माती सुटते. हात घातला तर आत जाईल एवढी फट. नेमका वळीव तेव्हाच. काळ्या मातीत अर्थिंग मोजायची ती मे महिन्यातच, ऑगस्टचा आकडा निरुपयोगी. बेंटोनाइटसुद्धा (खड्ड्यात भरायची, ओल धरणारी चिकणमाती) सुकलं की आकसतं, म्हणून कोरड्या जागी नुसतं बेंटोनाइट भरू नका. मीठ-कोळसा चालतो, पण मीठ जीआय खातं. काही वर्षांनी वर फक्त पाणी ओतायचा चंबू उरतो, खाली पाइप नाही.

झुळूक
जॅकवेल नदीकाठी आहे ना? मग तिकडची माती ओली असेल. केबलच्या चरातच पट्टी टाकून सोंडेवरची डीपी त्या ओल्या मातीशी जोडली तर?

सह्याद्री खडक
@झुळूक, बेताचं ज्ञान म्हणे! टाका, चर खणलेलाच आहे. ५० हर्ट्झच्या फॉल्टसाठी ती उपयोगी पडेल आणि दोन्ही टोकं एकत्र बांधली जातील. पण डीपीच्या एलएला स्थानिक चार पट्ट्या हव्यातच. १८० मीटरवरची ओली माती विजेला फार लांब.

धरणवाडी
एलए आणि अर्थिंग या नादात मूळ मांडणीतली एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली आहे. डीओ खांबावर, मग १८० मीटर केबल, मग बिनभाराचं रोहित्र. ही फेरोरेझोनन्सची नेमकी मांडणी आहे.

९५ चौरस मिमी केबलचा कपॅसिटन्स किलोमीटरला साधारण ०.३ मायक्रोफॅरड. १८० मीटरला ०.०५ च्या आसपास, म्हणजे ५० हर्ट्झला ६४ किलोओहम. २०० केव्हीए रोहित्राचा पूर्ण भाराचा प्रवाह १०.५ अँपिअर, बिनभाराचा २ टक्के धरला तर ०.२१, म्हणजे मॅग्नेटायझिंग रिॲक्टन्स ३० किलोओहमच्या घरात. दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ आले. आता रात्री पंप बंद, एचटी वाइंडिंग डेल्टा, आणि वळवात एक डीओ उडाला किंवा लाइनमनने एकेक डीओ काढायला घेतला. उघड्या फेजवर केबलचा कपॅसिटन्स आणि रोहित्राचा गाभा यांचं जमतं आणि व्होल्टेज दुप्पट-तिप्पट होऊन तसंच राहतं. रोहित्र खडखडतं. ९ केव्हीचा गॅपलेस एलए हे सतत सोसू शकत नाही, तापून फुटतो. लोक म्हणतात वीज पडून एलए गेला. वीज एवढीच दोषी की तिने एक फ्यूज उडवला.

जंपर
मग डीओ रोहित्राकडे न्या आणि खांबावर फक्त एबी स्विच ठेवा. तीनही फेज एकदम उघडतील.

रिले दादा
@जंपर, तेवढ्याने भागत नाही. केबलमध्येच फॉल्ट झाला तर खांबावर फ्यूज नाही, थेट उपकेंद्रातून फिडर ट्रिप होईल आणि सगळी गावं अंधारात. डीओ दोन्हीकडे ठेवा: रोहित्राकडे त्याच्या मापाचा, खांबावर मोठ्या मापाचा, जो फक्त केबलच्या फॉल्टला उडेल. खांबावर तिन्ही फेज एकदम तोडणारं उपकरण परवडत असेल तर उत्तमच.

चालू-बंद करण्याचा क्रम पॅनेलवर रंगवून ठेवा. रोहित्र बिनभाराचं असताना खांबावरचे डीओ एकेक करून काढायचे नाहीत, आधी एबी स्विच. शिवाय २०० केव्हीएच्या ५ टक्के, म्हणजे १० किलोवॉटचा रेझिस्टिव्ह भार एलटीला जोडलेला असेल तर फेरोरेझोनन्स सहसा उभाच राहत नाही.

डीओच्या लिंकबद्दलही (आतल्या वितळणाऱ्या तारेबद्दल) थोडं. वीज पडली की बारीक लिंक उगाच उडतात, कारण लाटेचा प्रवाह त्यांच्यातून एलएला जातो. म्हणून खांबावर एलए डीओच्या लाइनकडच्या बाजूला ठेवण्याकडे कल असतो. पण मग एलए टर्मिनेशनपासून दूर जातो. मी टर्मिनेशनच्या जवळ ठेवणंच पसंत करेन आणि लिंक मंद जातीची, टी प्रकारची घेईन. के लिंकपेक्षा ती मोठा पण क्षणिक प्रवाह जास्त सोसते. उडालेली लिंक बदलता येते, फुटलेलं टर्मिनेशन भर पावसात कोण बदलणार?

झुळूक
मध्येच घरचा प्रश्न विचारतो, माफ करा. एवढं सगळं करूनही घरातला टीव्ही, राउटर जळतोच. घरी काय लावायचं?

लाल माती
एलए ११ केव्हीच्या इन्सुलेशनसाठी आहे, तुमच्या टीव्हीसाठी नाही. घरच्या मुख्य बोर्डात टाइप २ एसपीडी (लाटेपासून वाचवणारं उपकरण), ३२० व्होल्टचा. स्वतःची अर्थिंग असलेल्या घरात फेज ते न्यूट्रल एमओव्ही (व्होल्टेज चढलं की वाहणारा रेझिस्टर) आणि न्यूट्रल ते अर्थ गॅस ट्यूब, अशा १+१ जोडणीचा घ्या. तो आरसीसीबीच्या (गळतीचा प्रवाह दिसला की बंद होणाऱ्या ब्रेकरच्या) आधी लागतो, नंतर लावला तर प्रत्येक गडगडाटाला आरसीसीबी पडेल. तारा इथेही तेच, मिळून अर्धा मीटर. घरावर वीजवाहक दांडा असेल तर टाइप १ हवा. आणि ढग जवळ आले की प्लग काढणं याच्याइतकं स्वस्त काही नाही. पुण्याच्या आयआयटीएमचं (उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचं) 'दामिनी' ॲप जवळपासच्या विजा दाखवतं, ते फोनमध्ये ठेवा. त्याचा उपयोग टीव्हीपेक्षा शेतात असलेल्या माणसांसाठी जास्त आहे.

धरणवाडी
पंचगंगाकाठ, टेकडीवरच्या वितरण हौदातून पातळीच्या सेन्सरची केबल पॅनेलपर्यंत येत असेल तर तीही याच धाग्यात येते. पाइपलाइनबरोबर किलोमीटरभर धावणारी २४ व्होल्टची बारीक तार म्हणजे विजेला उघडं आमंत्रण. दोन्ही टोकांना सिग्नल एसपीडी लावा, किंवा तार काढूनच टाका आणि मोबाइल स्टार्टरसारखा मोडेम हौदावर बसवा. मी दुसरं सुचवेन.

गोमंतक ३३
रिंगचा विषय निघालाच आहे तर पायाखालचं पाहा. एलएच्या खड्ड्याभोवती प्रवाह पसरताना जमिनीवर मीटरामीटरला व्होल्टेज बदलतं. माणसाच्या दोन पावलांत ते कमी सापडतं, गाई-म्हशींच्या पुढच्या-मागच्या पायांत दीड मीटरचं. म्हणून डीपीपाशी झाड एकुलतं आणि सावली छान असली तरी तिथे जनावर बांधू देऊ नये. कुंपण घाला, आत १५० मिमी खडी पसरा. ओली खडीसुद्धा मातीपेक्षा कितीतरी जास्त रेझिस्टन्स देते. आणि कुंपणही रिंगला जोडा.

रिले दादा
धागा क्षणभर उपकेंद्राकडे नेतो, कारण हीच चूक तिथेही दिसते. आउटगोइंग पॅनेलमधून केबल पहिल्या खांबापर्यंत जाते. पॅनेलच्या बुडाशी अर्थ फॉल्टसाठी सीबीसीटी (सगळ्या केबलभोवतीचं, प्रवाहांची बेरीज मोजणारं कडं) असतो. केबलच्या स्क्रीनची अर्थ तार सीबीसीटीच्या वरच्या बाजूने निघत असेल, तर ती परत त्यातूनच खाली आणून मग अर्थ बसला जोडायची. नाही आणली तर केबलच्या फॉल्टचा स्क्रीनमधून परतणारा प्रवाह सीबीसीटीत जातानाच्या प्रवाहाला खोडतो आणि रिले गप्प राहतो. उलट, दुसरीकडच्या फॉल्टचा प्रवाह स्क्रीनमधून वाहिला की निरोगी फिडर पडतो.

ऑटो रिक्लोजरचंही (फॉल्टनंतर लाइन आपोआप पुन्हा चालू करणाऱ्या उपकरणाचंही) तसंच. ओव्हरहेड लाइनवरचे बहुतेक फॉल्ट क्षणिक, विजेच्या फ्लॅशओव्हरला एकदा उघडून बंद केलं की लाइन पुन्हा उभी राहते. केबलचा फॉल्ट कायमचा. पूर्ण केबलच्या फिडरवर रिक्लोजिंग बंदच हवं. तुमच्या फिडरवर १८० मीटरच केबल आणि बाकी लाइन, तिथे एक शॉट (एकदाच पुन्हा चालू करणं) ठेवायला हरकत नाही.

मेगर ५०००
चाचणीबद्दल, कारण इथे हमखास घोटाळा होतो.

नव्या केबलची व्हीएलएफ (अतिशय कमी वारंवारितेची) चाचणी ०.१ हर्ट्झला, फेज व्होल्टेजच्या तिप्पट, म्हणजे १९ केव्ही, १५ मिनिटं. त्याआधी दोन्ही टोकांचे एलए आणि रोहित्र सोडवा. ९ केव्हीचा एलए १९ केव्हीला उघड उघड वाहायला लागेल आणि मरेल. वापरलेल्या एक्सएलपीईला डीसी हाय व्होल्टेज देऊ नका, इन्सुलेशनमध्ये चार्ज अडकून राहतो आणि केबल चालू केल्यावर फुटते.

एलएची स्वतःची तपासणी इन्सुलेशन मोजणाऱ्या ५ केव्ही मेगरने, प्रत्येक नग वेगळा, बाहेरून पुसून कोरडा करून. हजार मेगओहमपेक्षा खूप कमी दाखवला तर आत ओल गेली आहे, बदला. खाली डिस्कनेक्टर असलेला नग घेतला असेल तर त्याची अर्थ तार लवचिक आणि मोकळी ठेवा. एलए गेला की डिस्कनेक्टर तार तोडतो, ती लोंबकळते आणि खालूनच समजतं. कडक पट्टी बोल्टने आवळली तर ती पडणारच नाही आणि मेलेला एलए लाइनला अर्थवर धरून ठेवेल.

लाइन चालू असताना एलएची अर्थ तार मोजायलासुद्धा कधी सोडवायची नाही. सुटलेल्या टोकावर फेजचं व्होल्टेज चढतं. खड्ड्याचा रेझिस्टन्स मोजायचा तर परमिट घेऊन, लाइन बंद करून, अर्थ रॉड लावून. मग प्रवाहाचा खुंट लांब आणि व्होल्टेजचा त्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर.

पंचगंगाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. आराखड्यात बदल असे करतोय.

डीपीवर एलए १० केएचे, टर्मिनेशनच्या ब्रॅकेटवर. खालचं टोक आणि स्क्रीन एका बोल्टवर, तिथून दोन जीआय पट्ट्या सरळ खाली, चार दिशांना १५ मीटरच्या आडव्या पट्ट्या. रोहित्राकडे दुसरे तीन एलए, टाकीवरच ब्रॅकेट लावून बुशिंगशेजारी, बुड टाकीला. आवाराभोवती रिंग, तिला टाकी, न्यूट्रल, पॅनेल, पंपाचं बेड, कुंपण, सगळं. केबलच्या चरात पट्टी. खांबावर मोठ्या मापाचे डीओ, रोहित्राकडे टी लिंक. सेन्सरची तार रद्द, मोडेम. बिनभारासाठी पंपघराच्या दिव्यांशिवाय १० किलोवॉटचा हीटर ठेवायचा का, हा प्रश्न उरला. संचालक म्हणतील, बिल कोण भरणार?

धरणवाडी
हीटर कायम लावायचा नाही. फक्त रोहित्र चालू-बंद करताना, हाताच्या स्विचवर. पाच मिनिटांचं बिल किती येणार? पण रात्री आपोआप एक डीओ उडाला तर त्याचा उपयोग नाही हेही संचालकांना सांगा. तेवढ्यासाठी पॅनेलमध्ये फेज फेल्युअर रिले बसवा, एक फेज गेली की भोंगा वाजेल आणि राखणदार आधी एबी स्विच ओढेल.

लाल माती
दोन गोष्टी. पहिली, रोहित्राकडचे एलए टाकीवर लावताना ब्रॅकेटखालचा रंग खरवडून धातूवर बसवा. रंगावर आवळलेला बोल्ट मेगरला ठीक वाटतो, १० केएला ठिणगी काढतो. मग वरून जिंक पेंट मारा.

दुसरी, न्यूट्रल रिंगला जोडताय, तरी न्यूट्रलच्या दोन स्वतंत्र पट्ट्या दोन वेगळ्या खड्ड्यांपर्यंत न्याच. एक गंजून तुटली तर दुसरी राहील. न्यूट्रल तरंगायला लागलं तर २३० व्होल्टच्या दिव्यांना आणि पॅनेलच्या कंट्रोलला ४०० पर्यंत जाता येतं, आणि त्यासाठी वीज पडण्याची गरज लागत नाही.

जंपर
@पंचगंगाकाठ, डीपीवरच्या टर्मिनेशनला रेन शेड वर-खाली बघून बसवा, बरेच जण उलटे घालतात. आणि खांबावरून उतरणाऱ्या केबलला जमिनीपासून २ मीटरपर्यंत पाइप घालाल तेव्हा एलएच्या पट्ट्या त्या पाइपात घुसवू देऊ नका. बाहेरून, वेगळ्या क्लॅम्पवर.

पंचगंगाकाठ
लिहून घेतलं. मे मधलं अर्थिंगचं मोजमाप झालं की आकडे इथेच टाकतो, खडकातल्या चार पट्ट्यांनी किती दिले ते कळेल.